तापत्या लोखंडावरचा रंग कच्चा का निघतो?

कापडाच्या पेढीवर गिऱ्हाईक येऊन बसले की त्याचा पहिला प्रश्न भावाचा नसतो. तो ताग्याचे टोक हातात घेतो, बोट ओले करून अंगठ्याने चोळतो आणि विचारतो, "सेठ, रंग पक्का आहे ना?" तीस वर्षे आम्ही हा प्रश्न ऐकत आलो आणि तीस वर्षे त्याचे उत्तर देत आलो. पण आमच्याच टेंपोच्या बाबतीत हा प्रश्न विचारायचे आम्हाला सुचले नाही, आणि त्याची किंमत आम्ही एकदा नव्हे, तीन वेळा मोजली.

आमचा टेंपो जुना, डिझेलचा. मालेगावहून कोरे कापड भरून भिवंडीला जातो आणि येताना सुताची पोती घेऊन कसारा घाट चढतो. इंजिनातला जळका धूर बाहेर काढणारा जो बिडाचा भाग इंजिनाला बोल्टने आवळलेला असतो त्याला गॅरेजवाले मॅनिफोल्ड म्हणतात. त्याच्या पुढे सायलेन्सरपर्यंत लोखंडी पाईप जातो. शर्यतीच्या किंवा हौसेने बदललेल्या गाड्यांत बिडाऐवजी पाईप वाकवून, जोडून हाच भाग तयार करतात, त्याला हेडर म्हणतात. मोटारसायकलवर तोच बेंड पाईप. नाव काहीही असो, गाडीतले सर्वात जास्त तापणारे आणि सर्वात आधी गंजणारे लोखंड ते हेच.

एका पावसाळ्यानंतर आमच्या टेंपोचा हा सारा भाग तांबडालाल झाला. गॅरेजमध्ये सांगितले, रंगवून द्या. सकाळी टेंपो दिला, दुपारी चांदीसारखा चकचकीत होऊन परत आला. दुसऱ्या खेपेला रंग पिवळसर पडला, चौथ्या खेपेला पापुद्रे सुटू लागले. पुन्हा रंगवला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आम्ही रागावलो तेव्हा गॅरेजमालक म्हणाले, "सेठ, आजकाल मालच खराब येतो." आम्हाला ते पटले. आम्हीही गिऱ्हाइकाला पुष्कळदा हेच सांगतो.

पुढे एका जुन्या उस्तादांना तो पाईप दाखवला. त्यांनी रंगाच्या डब्याची चौकशीसुद्धा केली नाही. नखाने एक पापुद्रा उचलला, उलटा करून आमच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "चाचा, मागची बाजू बघा." मागची बाजू तांबडी होती. रंगाने आपली पकड सोडलेलीच नव्हती. त्याने गंज घट्ट धरून ठेवला होता, आणि गंजाने लोखंड सोडून दिले होते.

आमच्या मते या धंद्यातला सारा घोटाळा त्या एका पापुद्र्यात दिसतो. उष्णतेचा रंग म्हणून बाजारात जे मिळते ते बहुतेक वेळा वाईट नसते. पण या कामात रंग लावणे हा सर्वात छोटा भाग आहे. त्याच्या आधीची सफाई आणि त्याच्या नंतरची भाजणी हे खरे काम आहे, आणि नेमकी हीच दोन कामे आमचे गॅरेजवाले करत नाहीत, कारण त्यांचे पैसे आम्ही गिऱ्हाईक देत नाही. हा विषय या पानावर आणण्याचे कारणही तेच. आग्रा रोडच्या कडेची गॅरेजे पाहा, कुर्ल्याचा जुन्या मोटारभागांचा बाजार पाहा. वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंग, सायलेन्सरची कामे यांत आपले किती तरी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या रोजी कमावतात. जे काम तीन वेळा वाया जाते त्याने गिऱ्हाइकाचे पैसे जातात ते जातातच, पण कारागिराचे नाव जाते, आणि ते परत येत नाही.

आता थोडे उष्णतेविषयी. रिकाम्या, उभ्या गाडीचे डिझेल इंजिन सुरू ठेवले तर त्यातून निघणारा धूर शे-दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. तेच इंजिन भरलेली गाडी घेऊन घाट चढू लागले की हा आकडा ५००-६०० अंशांपर्यंत जातो. पेट्रोल इंजिनावर जोर पडला तर ८०० च्याही वर. लोखंडाचा वरचा पृष्ठभाग धुरापेक्षा काहीसा थंड राहतो, कारण त्याला वारा लागतो; तरीही अंधारात पाईप मंद लाल दिसू लागला तर समजावे की लोखंडच साडेपाचशे-सहाशे अंशांवर पोचले आहे. याउलट दरवाजे-खिडक्यांना लावतो तो साधा ऑइलपेंट सव्वाशे-दीडशे अंशांच्या पुढे टिकत नाही. तो आधी पिवळा पडतो, मग फुगतो, मग जळून राख होतो. गेटाला लावायचा सिल्व्हर रंग याच जातीचा. त्यातली ॲल्युमिनियमची भुकटी जळत नाही, पण तिला धरून ठेवणारे तेल जळून जाते आणि भुकटी हाताला लागू लागते. आमच्या टेंपोवर पहिल्या वेळी हाच लावला होता असे आता वाटते.

उष्णतेसाठी जो रंग बनतो त्यात तेलाच्या जागी सिलिकॉनचे राळेसारखे द्रव्य असते. तापल्यावर त्यातला जळणारा अंश उडून जातो आणि जे उरते ते सिलिकॉन व प्राणवायूचे जाळे ॲल्युमिनियमच्या कणांना आणि खालच्या लोखंडाला धरून बसते. म्हणजे साधा रंग उष्णतेने मरतो, आणि हा उष्णतेनेच पक्का होतो. अशा ॲल्युमिनियम रंगासाठी आपल्याकडे आय.एस. १३१८३ हे भारतीय मानक आहे, आणि बाजारात २००, ४०० व ६०० अंश अशा दर्जाचे डबे मिळतात. तिन्ही डबे उघडले तर आत सारखीच चांदी दिसते. फरक लेबलवर असतो, आणि किमतीत. गिऱ्हाइकाने "उष्णतेचा लावा" एवढेच सांगितले तर २०० चा डबा लावणारा खोटे बोलला असे म्हणता येत नाही, पण मॅनिफोल्डवर तो काही महिन्यांतच उघडा पडतो. फवाऱ्याच्या छोट्या डब्यांवर जो मोठा आकडा छापलेला असतो तो पुष्कळदा थोडा वेळ सोसण्याचा असतो, सतत सोसण्याचा नव्हे. बारीक अक्षरात ते लिहिलेलेही असते. आमच्यासारख्या चष्मेवाल्यांनी दुकानातच चष्मा लावावा.

डबा योग्य आणला, तरी तो कशावर लावायचा? येथे आमचा धंदा आम्हाला उपयोगी पडला. कोरे कापड सायझिंगची कांजी घेऊन मागावरून उतरते. ती कांजी धुऊन काढल्याशिवाय रंगाच्या हौदात कापड टाकले तर रंग कांजीला लागतो, धाग्याला लागत नाही, आणि पहिल्या धुण्यात दोन्ही निघून जातात. पालीचा किंवा बालोतऱ्याचा कोणताही रंगारी हे करणार नाही. लोखंडाची कांजी म्हणजे गंज, तेल आणि नव्या पाईपवरची ती निळसर काळी पपडी, जी लोखंड गरम असताना कारखान्यातच त्याच्यावर चढते. पुष्कळ वेल्डर नव्या पाईपचा हेडर बनवतात आणि "नवाच तर आहे" म्हणून त्या पपडीवर रंग मारतात. गाडी तापते, लोखंड फुगते, पपडी फुगत नाही, तडकते. अर्धा मीटर लांबीचा लोखंडी पाईप ५०० अंशांनी तापला तर सुमारे तीन मिलिमीटर वाढतो, आणि थंड झाल्यावर तेवढाच आखडतो. प्रत्येक खेपेला हे ताणणे आणि आखडणे चालते. जे काही लोखंडाला घट्ट धरून नाही ते सुटणारच.

म्हणून आधी तेल काढायचे. रॉकेलने पुसणे म्हणजे तेल काढणे नव्हे. रॉकेल स्वतःच तेलकट थर मागे ठेवते. साबणाच्या गरम पाण्याने धुवावे, वाळवावे, मग स्वच्छ फडक्याने थिनर लावून पुसावे, फडके मळले की बदलावे. ही पहिली पायरी चुकली तर पुढे घासताना तेल लोखंडाच्या रेघांमध्ये बसते. मग गंज. तारेच्या ब्रशने वरचा सुटा गंज जातो, पण खळग्यांतला जात नाही. उलट तो चकाकतो आणि साफ झाल्याचा भास होतो. ग्राइंडरवरची तारेची वाटी जरा बरी. खरी सफाई होते ती ब्लास्टिंगने, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक कण मारून. त्याने लोखंड पांढुरके, खरखरीत होते आणि रंगाला पकडायला जागा मिळते.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः लेखणी उचलली ती गोष्ट येथे येते, आणि ती रंगाची नाही. आमच्याकडे ब्लास्टिंग म्हणजे कॉम्प्रेसर, एक पाईप, नदीची चाळलेली वाळू आणि तोंडाला रुमाल बांधलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. वाळूचा कण लोखंडावर आपटून फुटतो आणि त्याची डोळ्यांना न दिसणारी धूळ होते. ही धूळ रुमालाने अडत नाही. ती फुप्फुसात खोलवर जाऊन बसते, आणि जो आजार होतो त्याला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर इलाज नाही. काम सोडले तरी तो वाढत जातो. त्याची सुरुवात साध्या खोकल्याने आणि दम लागण्याने होते, त्यामुळे पुष्कळदा क्षय समजून उपचार चालतात, आणि खरोखरचा क्षयही अशा माणसाला लवकर जडतो. खंबायतच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांनी आणि मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्यांनी हा आजार काय असतो ते पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. ब्रिटनने ब्लास्टिंगमध्ये अशी वाळू वापरण्यास १९४९ च्या नियमांनीच मनाई केली. आमच्या गल्लीत ती आजही चालते, कारण वाळू स्वस्त आहे आणि मुलगा त्याहून स्वस्त आहे.

यावर उपाय आहे आणि तो फार महाग नाही. वाळूऐवजी पोलादाची कणी, गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साईड वापरावे. ते गोळा करून, चाळून पुन्हा वापरता येते. काम बंद पेटीत करावे, ज्यात हातमोजे बाहेरून बसवलेले असतात आणि काचेतून आत पाहता येते. एका गॅरेजला पेटी परवडत नसेल तर एका गल्लीतल्या पाच गॅरेजांनी मिळून घ्यावी. सायझिंगवाल्यांकडे प्रत्येक कारखानदार कुठे स्वतंत्र सायझिंग टाकतो? एकाची सायझिंग, आणि सूत सगळ्यांचे. तसेच हेही होऊ शकते. तोपर्यंत तारेची वाटी आणि पॉलिश पेपर यांनीच काम चालवावे, रंग थोडा कमी टिकला तरी चालेल. वाळू मारणाऱ्या मुलाच्या हातून आम्ही आमचा टेंपो रंगवून घेणार नाही, असे गिऱ्हाइकांनी स्पष्ट सांगितले तर या गोष्टीला वेळ लागणार नाही. सांगणारे गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही-आम्हीच.

याच रांगेतल्या आणखी दोन सवयी. एक म्हणजे ॲसिडची बादली. ॲसिडने गंज झटपट जातो खरा, पण खळग्यांत राहिलेला अंश पुरता धुऊन निघाला नाही तर रंगाखाली नवा गंज तयार होतो, आणि त्याच्या वाफेने मुलाचा घसा आणि गॅरेजमधली हत्यारे दोन्ही खराब होतात. दुसरी, पाईपवर गुंडाळायची जुनी पांढरी दोरी आणि पट्टी. ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. सुताच्या धंद्यातल्या माणसाने तरी तिचा तंतू ओळखावा. तो फुप्फुसात गेला तर दशकांनंतर कर्करोग करतो. जुन्या गाडीवरची अशी पट्टी कोरडी ओरबाडू नये, झाडू तर मारूच नये. आजकाल काचतंतूची पट्टी मिळते. पण तीही पावसाळी मुलखात ओलावा धरून ठेवते आणि तिच्या आत पातळ पाईप उघड्यापेक्षा लवकर सडतो. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत तर ती न गुंडाळलेलीच बरी.

सफाई झाली की त्याच दिवशी, पावसाळ्यात तर दोन-चार तासांतच रंग लावला पाहिजे, नाहीतर लोखंड पुन्हा तांबूस होते. साफ केलेल्या जागेला उघडा हात लावू नये. येथे चांगल्या पेंटरची एक चांगली सवय उलटी पडते. तो वर्षानुवर्षे दारे, टाक्या, गाड्यांची शरीरे रंगवत आलेला असतो. आधी रेड ऑक्साईड, खळगे असतील तर लांबी, मग दोन जाड हात, असे त्याच्या हातात बसलेले असते. तापत्या पाईपवर यातले एकही चालत नाही. साधा रेड ऑक्साईड प्रायमर म्हणजे तोच तेलाचा रंग; तो खाली जळतो आणि वरच्या महागड्या रंगाला घेऊन खाली पडतो. लांबीचे तर विचारूच नका. जस्ताचा प्रायमर असेल तर जस्त सुमारे ४२० अंशांवर वितळते, हे लक्षात ठेवावे. त्यामुळे ४०० अंशांच्या आतल्या चिमणीला तो शोभतो, मॅनिफोल्डला नाही. ६०० अंशांचा रंग बहुतेक वेळा थेट उघड्या लोखंडावरच लावायचा असतो. आणि जाडी? सुकल्यावर एका हाताची जाडी वीस-पंचवीस मायक्रॉन. डोक्याच्या केसाहूनही कितीतरी पातळ. असे दोन हात पुरेत. जाड थरातला थिनर आत अडकतो आणि गाडी तापली की फोड येतात. "भरपूर रंग लावा, पैशाकडे पाहू नका" असे उदारपणे सांगणारे गिऱ्हाईक आपल्याच कामाचा नाश करून घेते.

आता भाजणी. कापडावर पिगमेंटची छपाई झाली की ती वाळते, पण पक्की होत नाही. तिला सुमारे दीडशे अंशांच्या भट्टीतून काढावे लागते. न भाजलेला छापील तागा आणि भाजलेला तागा दुकानाच्या काउंटरवर अगदी सारखे दिसतात, आणि आमच्या धंद्यात कित्येकांनी या सारखेपणावर पैसा केला आहे. सिलिकॉनच्या रंगाचे तंतोतंत हेच आहे. तो अर्ध्या-एक तासात हाताला लागत नाही इतका सुकतो. गॅरेजवाला म्हणतो, झाले. वास्तविक झालेले काही नसते. त्या अवस्थेत नखाने ओरखडा उठतो, पेट्रोल सांडले तर रंग धुऊन जातो. २०० अंशांच्या आसपास अर्धा ते एक तास भाजल्यावर तो पक्का होतो. नेमका आकडा प्रत्येक डब्यावर दिलेला असतो, आणि तोच पाळावा.

भट्टी कोठून आणायची? एम.आय.डी.सी.त पावडर कोटिंगवाले आहेत, त्यांची भट्टी १८०-२०० अंशांचीच असते. पण तो नकार देतो, आणि त्याच्या नकाराला कारण आहे: सिलिकॉनचा वाफारा त्याच्या भट्टीत राहिला तर त्याच्या पुढच्या मालावर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. म्हणून भाग आधी पूर्ण वाळवून, त्याच्या दिवसाच्या शेवटच्या घाण्यानंतर, वेगळे पैसे ठरवून विचारावे. नाहीतर गाडीचे इंजिन हीच भट्टी. भाग जोडून गाडी दहा मिनिटे मंद चालू ठेवायची, बंद करून पूर्ण थंड होऊ द्यायची. मग वीस मिनिटे, पुन्हा थंड. मग रिकाम्या गाडीने सपाट रस्त्यावर फेरी. पहिल्याच दिवशी माल भरून घाटात घातली तर आत अडकलेला थिनर एकदम उकळतो आणि फोड येतात. या वेळी धूर निघणारच, वासही येतो. म्हणून हे काम उघड्यावर करावे, आग विझवण्याचे साधन जवळ ठेवावे. शटर ओढून गॅरेजच्या आत इंजिन चालू ठेवणे म्हणजे मरणाला बोलावणे आहे. कार्बन मोनॉक्साईडला रंग नसतो, वास नसतो, माणसाला फक्त झोप आल्यासारखे वाटते.

एवढे सगळे करूनही काही ठिकाणी रंगाचा उपयोग नाही, आणि ते गिऱ्हाइकाला सांगणे हेही कारागिराचे काम आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, वाफेच्या रूपाने. इंजिन पुरते तापले असेल तर ते मागून निघून जाते. पण घर ते दुकान, दुकान ते मशीद, मशीद ते घर अशी दोन-दोन किलोमीटरची गाडी असेल तर ती वाफ मागच्या थंड सायलेन्सरमध्ये पाणी होऊन साचते आणि त्याला आतून खाते. अशा सायलेन्सरला बाहेरून सोन्याचा मुलामा दिला तरी तो फुटणार. त्याच्या तळाला कंपनीने एक बारीक भोक ठेवलेले असते, पाणी ठिबकण्यासाठी. कित्येक वेल्डर ते "लीक" समजून बंद करतात. ते बंद करू नये, चोंदले असेल तर तारेने मोकळे करावे.

नव्या गाड्यांचे आणखी वेगळे. आपल्याकडे चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९९५ मध्ये आला, आणि १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ लागू झाल्यावर मॅनिफोल्डपासूनची सगळी रचनाच बदलली. पुष्कळ गाड्यांत हे पाईप कमी क्रोमियमच्या स्टेनलेस पोलादाचे असतात. त्यावर तांबूस छटा येते, गिऱ्हाईक घाबरते. बहुतेक वेळा तो वरवरचा डाग असतो, लोखंड खाणारा गंज नव्हे. तेथे रंग विकणे म्हणजे भीती विकणे. कन्व्हर्टरला आणि ऑक्सिजन सेन्सरला तर रंगाचा फवारा लागूच देऊ नये. सेन्सर झाकून घ्यावा किंवा काढून ठेवावा. गॅस्केट बसते ती सपाट बाजू आणि बोल्टचे आटेही कोरेच राहू द्यावेत, नाहीतर रंग जळाल्यावर तेथून धूर गळू लागतो. आणि जाड बिडाच्या मॅनिफोल्डवरचा गंज? तो दिसायला वाईट, पण बीड इतके जाड असते की पुष्कळदा गाडीचे आयुष्य आधी संपते. तेथे रंग हौसेचा. रंग खरा कामाचा असतो तो दीड-दोन मिलिमीटरच्या साध्या लोखंडी पाईपवर. आमच्या टेंपोचा पुढचा पाईप तसाच.

आता पैशाचे बोलू. आम्ही व्यापारी गॅरेजमध्ये जातो तेव्हा भाव असा करतो की जणू कोरे कापड घेत आहोत. रंगाच्या डब्याची किंमत आम्हाला ठाऊक असते, मजुरीत आम्ही दोन तास धरतो आणि त्यावर एक पैसाही जास्त द्यायला तयार नसतो. मग तो दोन तासांचेच काम करतो. आम्ही स्वतः तिसऱ्या वेळीसुद्धा, दोनदा फसल्यानंतरही, त्याच्याकडे कमीच मागितले होते, हे येथे कबूल करावे लागेल. खरे काम दोन दिवसांचे आहे. भाग खोलणे, धुणे, घासणे, दोन पातळ हात, मध्ये वाळवण, जोडणी, तीन वेळा तापवणे. खोलताना गंजलेला एखादा बोल्ट तुटतो, त्याचा अर्धा दिवस वेगळा. या दोन दिवसांची मजुरी रंगाच्या किमतीच्या कितीतरी पट होते आणि ती रास्त आहे.

गॅरेजवाल्या बांधवांना आमची सूचना अशी की पावतीवर "पेंटिंग" असा एक शब्द लिहू नये. रंगाचा दर्जा किती अंशांचा, लोखंड कशाने साफ केले, किती हात दिले, भाजले की नाही, या चार गोष्टी लिहाव्यात आणि रिकामा डबा गिऱ्हाइकाच्या हवाली करावा. ज्याला स्वस्त हवे असेल त्याला स्वस्तच करून द्यावे, पण "भाजलेले नाही" असे लिहून. कापडाच्या पेढीवर आम्ही कच्च्या रंगाचा माल कच्चा सांगून विकतो तेव्हा गिऱ्हाईक तो घेते आणि पुढच्या वर्षी पुन्हा येते. पक्का सांगून कच्चा दिला की ते येत नाही, आणि चार जणांना घेऊन जाते.

टेंपो दोन दिवस उभा ठेवायचा कसा, हा व्यापाऱ्याचा प्रश्न असतो. आमच्याकडे शुक्रवारी माग बंद असतात. गुरुवारी दुपारी गाडी रिकामी करून द्यावी, शनिवारी सकाळी घ्यावी. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी. यात कोणाचे नुकसान होते ते आम्हाला तरी दिसत नाही.

काही जण म्हणतात, विजेच्या गाड्या आल्या, आता धुराच्या पाईपचे काय घेऊन बसलात. विजेच्या रिक्षाला सायलेन्सर नाही हे खरे. पण रस्त्यावरचे डिझेल टेंपो आणि ट्रक काही उद्या सकाळी नाहीसे होत नाहीत. आणि ज्याने हे काम नीट शिकून घेतले त्याला फक्त गाड्यांचीच वाट पाहावी लागणार नाही. आमच्याच गावात सायझिंगचे बॉयलर आहेत, त्यांच्या लोखंडी चिमण्या आणि धुराच्या वाटा आहेत, लग्नाच्या मांडवामागे घरघरणारे जनरेटर आहेत. तापणारे लोखंड सगळीकडे तेच, सफाई तीच, भाजणी तीच. आज ही चिमणीची कामे करायला पुष्कळदा बाहेरून माणसे येतात आणि आमचा पेंटर खाली उभा राहून बघतो.

चौथ्या वेळी आमचा टेंपो त्या उस्तादांच्या शागीर्दाने केला. गुरुवारी घेतला, शनिवारी दिला, पावतीवर चारही गोष्टी लिहून दिल्या. मजुरी ऐकून आम्ही सवयीने तोंड उघडले होते, पण बोललो नाही. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा गेला. परवा गाडीखाली वाकून पाहिले. पाईप करडा पडला आहे, चांदीची चमक राहिलेली नाही, पण रंग जागेवर आहे. फक्त पुढच्या जोडाजवळ रुपयाएवढ्या जागेत तांबडे दिसते. मुलाला विचारले, तर तो लाजला. म्हणाला, "चाचा, रंग द्यायच्या आधी पाईप उचलताना तिथे माझा अंगठा लागला होता. पुढच्या शुक्रवारी आणा, तेवढे फुकट करून देतो."